हीटर घ्या, पण कुलरच्या पॉइंटवर लावू नका

दि. 6 डिसेंबर

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
गृहनिर्माण संस्था, आमगाव, जि. गोंदिया

विषय : अभ्यासिका व सभागृहात भिंतीवरचे इलेक्ट्रिक हीटर बसवण्याबाबत

स.न.वि.वि.

गेटजवळच्या फळ्यावरची सूचना वाचली. अभ्यासिकेत दोन आणि सभागृहात दोन, असे 2000 वॉटचे चार हीटर घ्यायचे ठरते आहे. कुलरचे पॉइंट आधीच असल्यामुळे वायरिंगचा खर्च वाचेल, असेही त्यात लिहिले आहे. हीटरला माझी ना नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पाचला अभ्यासिकेत येऊन बसतात, त्यांची बोटं पेन धरायला वळत नाहीत. हरकत आहे ती त्या वाचलेल्या खर्चाला.

कुलर साधारण दोनशे वॉट घेतो, म्हणजे एक अँपिअरसुद्धा नाही. 2000 वॉटचा हीटर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि आपले पॉइंट आहेत 6 अँपिअरचे. अभ्यासिकेत दारामागचा बोर्ड एकदा डोळ्यांनी पाहा. कुलरच्या प्लगभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलं आहे आणि वरच्या पिनजवळ काळा डाग आहे. नुसत्या कुलरने ही गत, तर तिथे हीटर चार-चार तास चालला तर काय होईल, ते सांगायला इंजिनियर लागत नाही. प्रत्येक हीटरला 16 अँपिअरचा सॉकेट, मेन बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर (2.5 चौ. मिमी तरी, 4 ची घातली तर उत्तम), स्वतःचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग हवं. चारही एकदम लागले तर 8 किलोवॉट, म्हणजे जवळपास 35 अँपिअर. आपल्या मीटरचा मंजूर भार किती, ते बिलावर छापलेलं असतं. ऑर्डर देण्याआधी ते पाहावं.

आता दुकानदाराच्या कोटेशनमधल्या ‘वीज वाचवणारा हीटर’ या शब्दांबद्दल. रॉडचा असो, पॅनेलचा असो की तेल भरलेला, एक युनिट विजेतून सगळे सारखीच उष्णता देतात. फरक पडतो तो ती ऊब कुठे जाते यात. पॅनेल हवा गरम करतं आणि गरम हवा वर जाते. आपल्या सभागृहावर पत्रे आहेत, दारं सारखी उघडतात. तिथे ती ऊब छपराखालच्या चिमण्यांनाच मिळेल. म्हणून सभागृहात एकही हीटर नको असं माझं स्पष्ट मत आहे. मासिक सभेला स्वेटर घालून यावं, सभा लवकरही आटोपेल.

अभ्यासिकेची गोष्ट वेगळी. खोली लहान, वर स्लॅब, आणि पोरं एकाच जागी बसून असतात. तिथे भिंतीवर उंच लावायचा लाल रॉडचा हीटर बरा, कारण त्याची आच समोर बसलेल्या माणसाला थेट लागते, अख्खी खोली तापायची वाट पाहावी लागत नाही. एक पुरे. आयएसआय चिन्ह आणि टायमर असलेला घ्यावा, कंपनीने सांगितलेल्या उंचीवर लावावा, पडद्यापासून दूर. त्यावर ओले मोजे वाळत घालायचे नाहीत, ही सूचना मात्र मोठ्या अक्षरात लागेल.

पण त्याही आधी एक बिनविजेचं काम आहे. अभ्यासिकेच्या खिडकीत कुलर अजून तसाच आहे. त्याच्या जाळीतून आणि कडेच्या फटींतून वारा सरळ आत येतो, आणि त्यावर कोणीतरी जुनी चादर कोंबली आहे. कुलर काढून तिथे प्लायवूडचा तुकडा ठोकावा. ते न करता दहा हीटर लावले तरी फायदा नाही.

अजून एक. संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेज उतरतं, ट्यूब लुकलुकते. 190 व्होल्टवर 2000 वॉटचा हीटर 1400 वॉटच्याही खाली येतो. मग ‘हीटर तापतच नाही’ म्हणून दुसरा आणायची ओरड होईल. ती ऐकू नये.

खर्चाचंही बोलतो. चार हीटर रोज चार तास चालले तर 32 युनिट, महिन्याला साडेनऊशेच्या वर. एकच हीटर तेवढाच चालवला तर 240. आपल्याकडे हाडं गोठवणारी थंडी डिसेंबर-जानेवारीतच असते. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर गेला होता, पण तशा रात्री मोजक्याच. खरंच मोठा खर्च करायचा असेल तर अभ्यासिकेत गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी घ्या. तो एका युनिटमध्ये हीटरच्या जवळपास तिप्पट ऊब देतो, आणि मे महिन्यातही कामी येतो. तो विषय वार्षिक सभेत मांडावा.

शेवटी चौकीदार काकांबद्दल. ते रात्री केबिनचं दार लावून आत कोळशाची शेगडी पेटवतात. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. भाऊ, सूचनेत त्यांचं नावच नाही, आणि ऊब सगळ्यात जास्त त्यांनाच लागते. 800 वॉटचा छोटा रॉड हीटर साडेतीन अँपिअरवर चालतो, त्यांच्या केबिनचा पॉइंट नवा आहे, त्याला तेवढं झेपतं. तो याच आठवड्यात आणावा, आणि शेगडी बाहेर ठेवायला सांगावी. पैशांची मंजुरी नंतर घेता येईल. माझ्या वाट्याची वर्गणी मी उद्याच देतो.

बाकी, सूचनेतल्या हीटरची आगाऊ रक्कम परवानाधारक इलेक्ट्रिशियनने वायरिंग पाहून लेखी दिल्याशिवाय देऊ नये, ही विनंती.

आपला,
सभासद, घर क्र. 14