मुग्धे, शहरं कमी कर

पालेर्मो, सिसिली

प्रिय मुग्धे,

तुझ्या तीन महिन्यांच्या युरोप ट्रिपची एक्सेल शीट बघितली. आधी हसले आणि मग कपाळाला हात लावून बसले. लिस्बन, पोर्तो, सेव्हिया, ग्रनाडा, वालेन्सिया, रोम, नेपल्स, अथेन्स, सगळीकडे थोडेथोडे दिवस, आणि खाली लाल अक्षरात काय तर ‘बजेट टाईट’! अगं बाई, या दोन गोष्टी एका शीटमध्ये नांदतच नाहीत. पैसा उडतो तो शहर बदलताना. तिकीट, मग चेक-इनला वेळ असतो म्हणून सामान ठेवायचे पैसे, मग भूक लागली की एरिया माहीत नसतो म्हणून स्टेशनसमोर जे दिसेल ते दुप्पट भावाने गिळायचं, आणि जरा कुठली भाजी कुठे स्वस्त ते कळायला लागलं की परत बॅग भरायची. तीन महिन्यांत तीन, फार तर चार शहरं कर. महिन्याने खोली घेतली की बरेच घरमालक भाडं चांगलंच उतरवतात, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. माझी इथली खोली महिन्याला 420 युरो (हिशोबाला युरोचे शंभर रुपये धर), तीच एकेका रात्रीच्या भावाने घेतली असती तर दहा-बारा दिवसांत तेवढे गेले असते.

पण किचन बघूनच खोली घे, फोटोत गॅस दिसला नाही तर सरळ विचार. मी इथे बालारो मार्केटच्या मागे राहते. सकाळी भाजीवाले असे ओरडतात की मंडईसुद्धा शांत वाटेल, आणि दुपारी आवराआवरीच्या वेळेला गेलं की वांगी, टोमॅटो, लाल गराची संत्री अर्ध्या भावात गळ्यात मारतात. तिथेच पानेल्ले मिळतात. म्हणजे काय, तर चण्याचं पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, त्यात मीठ आणि बारीक चिरलेली पार्सली घालायची, थापायचं, गार झालं की पातळ वड्या कापून तळायच्या. आपली पाटवडीच की गं, फक्त मिरची-लसूण नाही! त्या गरमागरम पावात घालून वर लिंबू पिळून देतात, तीन युरोच्या आत पोट भरतं, आणि तुझ्यासारख्या शाकाहारी बाईला प्रश्नच नाही. चण्याचं पीठ इथे सुपरमार्केटमध्येसुद्धा असतं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा पिठलं-भात चालू आहे. हिंग मात्र घेऊन ये, डबल पिशवीत.

बाहेर खायचं तर दुपारी खा. स्पेनमध्ये ‘मेनू देल दिया’ म्हणून दुपारचं ताट असतं, दोन पदार्थ, ब्रेड, काहीतरी प्यायला आणि शेवटी गोड नाहीतर कॉफी, साधारण 12 ते 15 युरोत, आणि रात्री त्याच हॉटेलात वेगवेगळं मागवलं तर बिल कुठल्या कुठे जातं. ग्रनाडात ड्रिंकबरोबर तापास, म्हणजे खाण्याची छोटी प्लेट, फुकट येतो, पण त्यात हॅम निघणार हे धरूनच चाल, ‘मांस नको’ म्हटलं तरी हॅम म्हणजे मांस असं तिथे बऱ्याच जणांना वाटतच नाही. इटलीत कॉफी काउंटरला उभ्याने प्यायची, टेबलावर बसलीस की भाव वाढू शकतो. जेवायला बसल्यावर बिलात ‘कोपेर्तो’ दिसला तर भांडू नको, तो बसण्याचा आकार असतो, माणशी लावतात आणि मेनूत बारीक अक्षरात लिहिलेला असतो.

लिस्बन आता स्वस्त राहिलेलं नाही, जुन्या ब्लॉगांवर जाऊ नको. तरी तू जाशीलच, तुझ्या आजोळच्या म्हापशाच्या गोष्टी ऐकून मोठी झालीस ना! गोव्याचा समोसा तिथे ‘शामुसा’ होऊन साध्या कॅफेत पेस्ट्रीच्या शेजारी बसलेला असतो. आत बहुतेक वेळा बीफ नाहीतर चिकन, तेव्हा विचारून घे. तिथल्या मार्तिम मोनिझ चौकाच्या आसपास डाळी, तांदूळ, मसाले सगळं मिळतं. आणि 28 नंबरची ट्राम फोटोपुरतीच बघ, तिच्यात गर्दी आणि पाकीटमार दोन्ही भरपूर.

प्रवासाचं म्हणशील तर मी बोटीच्या प्रेमात आहे. नेपल्स-पालेर्मो रात्रीची बोट असते, संध्याकाळी बसायचं आणि सकाळी उतरायचं, खुर्चीचं तिकीट घेतलं तर एका रात्रीचं भाडं वाचतं. बारीहून पात्रासला तशीच ग्रीसची बोट आहे, तिथून बसने अथेन्स. इटलीत ‘रेजोनाले’ म्हणजे आपल्या पॅसेंजरसारख्या गाड्या, त्यांचं तिकीट आदल्या महिन्यात काढ नाहीतर दहा मिनिटं आधी, भाव तोच. फक्त कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी मशीनमध्ये पंच कर, नाहीतर दंड.

फुकटच्या गोष्टी तर इतक्या आहेत की काय सांगू. इटलीतली सरकारी म्युझियम महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत, माद्रिदचं प्रादो रोज शेवटचे दोन तास मोफत (रांग मोठी असते, पण सरकते). रोममध्ये सान लुइजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे, आत काराव्हाज्जोची तीन चित्रं, तिकीट नाही. चॅपलमध्ये अंधार असतो आणि दिव्यासाठी डब्यात नाणं टाकावं लागतं. मी निवांत उभी राहायचे, कुणीतरी टाकतंच! शेवटी मलाच लाज वाटली आणि एकदा मीही टाकलं.

थंडीला हसू नको. बाहेर ऊन असतं पण घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशी बर्फ, हीटर लावला की मालकीणबाई विजेच्या बिलाची आठवण करून देतात. मागच्या घरी तर जाहिरातीत ‘हीटिंग आहे’ लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात होतं एक छोटंसं पंख्याएवढं खेळणं! लोकरीचे मोजे आण.

आणि शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा असतो त्याचा, हिशोब नीट समजून घे. कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस, आणि ते सगळ्या शेंगेन देशांत मिळून, स्पेनचे वेगळे ग्रीसचे वेगळे असं नाही. फी 90 युरो, इन्शुरन्स निदान 30,000 युरोचा लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा आधी अपॉइंटमेंट पकड आणि मग ती शीट उघड. पोर्तो आणि वालेन्सिया मी तुझ्या वतीने काढून टाकले आहेत, रोम चार दिवस ठेवलंय, बाकी भांडण फोनवर करू. फेब्रुवारीत येणार असशील तर आत्ताच सांग, शेजारची खोली रिकामी होतेय आणि मालकीणबाई आठवडाभर थांबायला तयार आहेत.

तुझी,
श्रद्धा