कॅमेरा भंगारात काढण्यापूर्वी बॅटरी आणि काच पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिद्धेश्वर महाराजांची गड्डा यात्रा आटोपली की दरवर्षी माझ्याकडे एकाच तक्रारीची माणसे येऊ लागतात. फोटो धूसर आले आणि ऐन वेळी बॅटरी संपली, ही ती तक्रार. गेली तीसेक वर्षे मी सोलापुरात फोटोग्राफीचा व्यवसाय करतो. अलीकडे महाविद्यालयीन मुलामुलींनी आईवडिलांच्या कपाटातले दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे छोटे डिजिटल कॅमेरे पुन्हा हाती घेतले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच त्यांतले चांगले चालते कॅमेरे ‘सेन्सर (फोटो टिपणारी आतली चकती) गेला, नवा घ्या’ एवढ्या एका वाक्यावर भंगारात जाताना पाहिले की जीव हळहळतो.

यंदा एक विद्यार्थिनी असाच निकाली काढलेला कॅमेरा घेऊन आली. यात्रेतल्या, संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याच्या तिच्या फोटोंत भाविकांच्या पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या (बंद असलेले अंगरखे) मळकट, करड्या दिसत होत्या. यात सेन्सरचा काहीच दोष नव्हता. समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरूनच कॅमेरा प्रकाश मोजतो, त्यामुळे सारी चौकट पांढऱ्या रंगाने भरली की उजेड फार झाला असे समजून तो फोटो काळवंडवतो. अशा वेळी अधिक-उणे चिन्हाच्या बटणाने एक्स्पोजर साधारण एक स्टॉप, म्हणजे प्रकाश दुप्पट, वाढवले की पांढरे पांढरेच उमटते. शिवाय लेन्स उजेडात तिरकी धरली तेव्हा मधोमध अंगठ्याचा तेलकट ठसा स्पष्ट दिसला, आणि कार्डात जास्त फोटो मावावेत म्हणून कोणीतरी फोटोचा आकार ६४० बाय ४८०, म्हणजे जेमतेम तीन लाख पिक्सेल, करून ठेवला होता. आधी ब्लोअरने धूळ उडवून मग मायक्रोफायबरच्या कापडाने काच पुसली, आकार पूर्ववत केला, आणि तोच कॅमेरा लख्ख फोटो देऊ लागला. धूळ तोंडाने फुंकू नये. थुंकीचे बारीक थेंब काचेवर बसतात आणि ते काढणे धुळीपेक्षा अवघड जाते.

रात्रीच्या दारूकामाचे फोटो दाणेदार येतात ते आयएसओ, म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देण्याची कॅमेऱ्याची पातळी, आपोआप वर चढल्यामुळे, आणि हललेले येतात ते शटर मंदावल्यामुळे. तिथे आयएसओ कमी ठेवून कॅमेरा स्टँडवर किंवा कठड्यावर टेकवणे हाच उपाय आहे. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात मात्र सेन्सरवर खरोखरच धूळ बसू शकते. लेन्सचे छिद्र एफ-१६ इतके बारीक ठेवून निरभ्र आकाशाचे दोन-तीन फोटो काढावेत. प्रत्येकात त्याच जागी काळसर ठिपका दिसला तरच सेन्सर साफ करून घ्यावा.

बॅटरीचा प्रश्न याहून गंभीर आहे. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात साधे अल्कलाइन सेल घातले की नव्या सेलवरही ‘बॅटरी संपली’ असा संदेश लवकर येतो, कारण फ्लॅश आणि लेन्सची मोटर एकदम जो करंट ओढतात तो देताना त्या सेलचे व्होल्टेज कोसळते. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल कागदावर १.५ ऐवजी १.२ व्होल्टचेच असले, तरी त्या भाराखाली ते टिकून राहतात. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण रिकामी करून महिनोन्महिने कपाटात टाकणे हेच तिच्या मरणाचे मोठे कारण असते. निम्म्याच्या आसपास चार्ज करून, कॅमेऱ्यातून काढून, थंड जागी ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त ताप असतो, तेव्हा बॅटरी गाडीत ठेवू नये आणि तापलेली लगेच चार्जिंगला लावू नये. संपर्काच्या धातूच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसल्या तरी कित्येक ‘मेलेल्या’ बॅटऱ्या पुन्हा चालू लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः एका दुकानातून बिल न घेता स्वस्त बॅटरी आणली होती. कंपनीच्या मूळ बॅटरीपेक्षा दीडपट क्षमता तिच्यावर छापलेली होती. तीन महिन्यांत ती कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या खणातच फुगली आणि झाकण उघडेना. अशी बॅटरी सुरीने किंवा पेचकसाने उचकटू नये, कारण आतला थर फाटला तर ती पेट घेते. नकली बॅटरीत जादा चार्जिंग रोखणारे संरक्षक सर्किट अनेकदा नसते किंवा निकृष्ट असते. आपल्या शहरातील व्यावसायिक बंधूंना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी बिलाशिवाय बॅटरी विकू नये, आणि ग्राहकांनीही ती तशी घेऊ नये.

निकामी बॅटऱ्या बहुतेक घरांतून सरळ घंटागाडीत जातात. तिथे दाबल्या गेल्या तर कचऱ्याला आग लागू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि चाके असलेल्या कचरापेटीवर फुली मारलेले चिन्ह बॅटरीवर असते ते त्याचसाठी. महापालिकेने फोटो स्टुडिओ आणि मोबाइलच्या दुकानांत एकेक संकलन पेटी ठेवण्याचा विचार करावा. माझ्या दुकानात अशा पेटीला जागा देण्यास मी तयार आहे.

आपला,
एक छायाचित्र व्यावसायिक, सोलापूर