बाजरी कडू नव्हे, पीठ शिळे

महोदय,

भरडधान्यांच्या पाककृतींवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. पाककृती उत्तम, पण बाजरीचे पीठ महिन्याभराचे एकदम दळून ठेवण्याचा सल्ला पटला नाही. बाजरीत सुमारे ५ टक्के स्निग्धांश असतो, गव्हाच्या दुपटीहून अधिक. त्यामुळे दळलेले पीठ आठ-दहा दिवसांतच कडवट होऊ लागते. विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरते, मुले ताट सरकवतात आणि बोल लागतो बाजरीला. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून गाजले खरे, पण आमचा गिरणीवाला किलोभर बाजरीचे दळण घ्यायला अजून कुरकुरतो! पुढच्या लेखात आठवड्यापुरतेच दळण आणा, एवढे तरी जरूर छापावे.

– एक वाचक, बार्शी