मॅग्नेट कुठं आहे, ते आधी विचारा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागल्यापासून आपल्या अंकात दिवसाआड एक चौकोन दिसतो : ‘एमआरआय-सीटी टेक्निशियन व्हा, अवघ्या ६ महिन्यांत. नोकरीची हमी.’ मागच्या रविवारी आमच्या गल्लीतले एक गृहस्थ तोच चौकोन कापून, घडी घालून माझ्याकडे घेऊन आले. मुलगी विज्ञान शाखेतून पास झालेली, निम्मी फी भरून झालेली. ‘तुम्ही त्याच लाइनीत आहात, बरं आहे ना हे?’ मी एवढंच विचारलं, ‘त्यांच्याकडं मॅग्नेट आहे का?’ त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय.

मी मिरजेत बावीस वर्षं एमआरआयवर काम करतो आहे. आमच्या बोलीत यंत्राला कुणी यंत्र म्हणत नाही, मॅग्नेट, म्हणजे चुंबक, म्हणतात. सहा महिन्यांच्या या वर्गांमधून आलेली मुलं मी पाहिली आहेत, काहींना हाताखाली घेतलंही आहे. मुलं हुशार असतात. पण त्यांनी मॅग्नेट पाहिलेला असतो तो फळ्यावर, नाहीतर मोबाइलवर. शेवटी पंधरा दिवस कुठल्या तरी सेंटरमध्ये ‘प्रॅक्टिकल’ला पाठवतात. तिथं त्यांच्या वाट्याला पेशंटचं नाव टाइप करणं आणि फिल्म पाकिटात घालणं एवढंच येतं. या पत्रात मला त्या मुलांच्या आईवडलांशी बोलायचं आहे, कारण फी तेच भरतात.

पहिली गोष्ट अशी, की मॅग्नेट बंद नसतो. रात्री नसतो, दिवाळीला नसतो, लाइट गेली तरी नसतो. आतली तार द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर बुडवलेली असते. त्या थंडीत तारेचा विजेला असणारा विरोधच संपतो आणि एकदा सोडलेला प्रवाह आपला आपण फिरत राहतो. दीड टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) आमचं साधं मशीन पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त ताकदीचं आहे. लोखंडी वस्तू दारातून आत आली की आधी जड वाटते, मग हातातून सुटते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात नातेवाइकाच्या तपासणीला आलेला ३२ वर्षांचा तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि जिवाला मुकला. मशीन बंद आहे असं आम्हाला सांगितलं होतं, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं. ‘मशीन बंद आहे’ हे वाक्य एमआरआयच्या दारात कुणी उच्चारूच नये. ते चूक आहे हे तिथल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवणं हे तंत्रज्ञाचं काम, आणि ते सहा महिन्यांच्या पुस्तिकेत एका ओळीत उरकलेलं असतं.

हे असं का होतं, तेही सांगतो. एक्स-रे आणि सीटीत किरणोत्सर्ग असतो, म्हणून त्यांच्यावर परमाणु ऊर्जा नियामक मंडळाची नजर असते. यंत्राची नोंद, चालवणाऱ्याची पात्रता, अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा छातीवरचा बॅज, सगळं विचारलं जातं. एमआरआयमध्ये तसा किरणोत्सर्ग नाही, त्यामुळं तो त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही. पेशंटला ‘याला रेडिएशन नाही, घाबरू नका’ हे आम्हीच सांगतो आणि ते खरंही आहे. पण त्याचा अर्थ लोकांनी, आणि काही मालकांनीही, ‘याला धोका नाही, कुणीही बसवा’ असा लावला.

म्हणून शिकायचं काय, ते जवळून दाखवतो.

वरच्या गृहस्थांची समजूत अशी, की मुलगी काचेमागं कॉम्प्युटरसमोर बसेल आणि बटणं दाबेल. बटणं दाबायला पंधरा दिवस पुरतात. गुडघा, कंबर, मेंदू, सगळ्यांचे प्रोटोकॉल, म्हणजे स्कॅनचे ठरलेले क्रम, मशीनमध्ये भरलेलेच असतात. टी-टू जातीच्या चित्रात पाणी पांढरं, टी-वनच्या चित्रात चरबी पांढरी, हे तर आमच्या वॉर्डबॉयलाही पाठ आहे. खरं शिक्षण काचेच्या अलीकडं, कपडे बदलायच्या खोलीत सुरू होतं.

आमच्याकडं निम्मे पेशंट कर्नाटकातले, अथणी, रायबाग, बेळगावकडचे. फॉर्म छापलेला इंग्रजीत. ‘शरीरात धातू आहे का?’ या प्रश्नापुढं नातेवाईक ‘नो’वर टिक करतात आणि आजी अंगठा उमटवतात. त्या अंगठ्याचा मला काही उपयोग नाही. मी ‘कब्बिण’ हा कानडी शब्द शिकलो तो यासाठी. ‘कब्बिण इद्या?’ म्हणजे लोखंड आहे का, असं विचारायचं, नाहीतर नुसतंच बोटानं दाखवून. पदराची पिन, ब्लाउजची पिन, अंबाड्यातले आकडे, जोडवी, मंगळसूत्राची मळसूत्री, कमरेला किल्ल्या. ‘सगळं काढलं’ म्हणणाऱ्या मावशींच्या परकराच्या नाडीत हमखास एक सेफ्टी पिन निघते, नाडी ओवायला ठेवलेली. त्यांच्या लेखी ती धातू नसतेच, नाडीचाच भाग असते. मग ऑपरेशनं. ‘झालं नाही’ म्हणतात, आणि पोटावर टाके दिसतात. पेसमेकर असेल तर डबी, कार्ड, कंपनी, मॉडेल नंबर, सगळं पाहिल्याशिवाय पुढं जायचं नाही, आणि शंका राहिली तर डॉक्टरांना फोन.

तीन वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक मुलगी होती, बी.पी.एम.टी. ही पॅरामेडिकलची पदवी करून इंटर्नशिपला आलेली. तिनं एकदा कुपवाडच्या एमआयडीसीतल्या माणसाला मानेच्या स्कॅनसाठी आत घ्यायचं थांबवलं. फॉर्म स्वच्छ होता. तिनं सहज विचारलं, ‘दादा, काम काय करता?’ लेथवर. ‘डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का?’ तो हसला. ‘ते तर रोजचंच की, ताई.’ तिनं मला बोलावलं, आम्ही डोळ्याच्या खोबणीचा एक्स-रे काढला. उजव्या बाजूला तिळाएवढा पांढरा ठिपका. तो बुबुळामागं किती वर्षं गप्प पडून होता कुणास ठाऊक. मॅग्नेटमध्ये गेला असता तर तो हलला असता आणि माणसाची नजर गेली असती. स्कॅन रद्द. मालक थोडे नाराज झाले, कारण सकाळचा स्लॉट वाया गेला. मला मात्र त्या दिवशी शिकवल्याचं सार्थक वाटलं.

आता माझी स्वतःची चूक. कामाला लागून दुसरंच वर्ष होतं, सेंटर दुसरं. एका आजींचा कंबरेचा स्कॅन. आत सरकवताना त्यांनी देवाचं नाव घेत पोटावर हात जोडले. मलाही ते बरं वाटलं, शांत पडून राहतील. दहा-बारा मिनिटांनी त्यांनी आम्हाला बोलवायला हातात दिलेला रबरी फुगा दाबला. बाहेर काढलं तर दोन्ही तळव्यांना, जिथं बोटं टेकली होती तिथं, लाल चट्टे, एका ठिकाणी फोड. मशीन शरीरात रेडिओ लहरी सोडतं. दीड टेस्लाला त्या चौसष्ट मेगाहर्ट्झच्या आसपास असतात. हात जोडले की दोन खांदे, दोन हात मिळून एक बंद कडं तयार होतं, त्यातून प्रवाह फिरतो आणि जिथं कातडीला कातडी टेकते तिथं भाजतं. तेव्हापासून मी प्रत्येकाचे हात अंगापासून सुटे ठेवतो, मांड्यांमध्ये सुती टॉवेल घालतो. देवाचं नाव मनात घ्या म्हणतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्याच लहरींमुळं पेशंटचं वजन खरं भरावं लागतं. अंगात किती उष्णता जाऊ द्यायची याचा हिशेब मशीन त्या वजनावरून करतं. नवखी मुलं वजनकाट्यापर्यंत जायचा कंटाळा करून सगळ्यांना ७० किलो टाकतात. पस्तीस किलोच्या आजारी बाईलाही ७०. मशीन बिचारं विश्वास ठेवतं.

बोलण्याचंही शिक्षण असतं. पोटाच्या स्कॅनला श्वास रोखायला लावावा लागतो. ‘ब्रीद आउट अँड होल्ड’ची रेकॉर्ड लावून उपयोग नसतो. मी माइकवरून ‘दम सोडा, आता दम धरा’ म्हणतो. एक आजोबा आतून ओरडले, ‘सकाळी आठपासनं धरलाय की!’ तेव्हापासून ‘श्वास बाहेर टाका, थांबा’ म्हणतो. आणि लकव्याचा पेशंट आला तर घड्याळाकडं बघायला शिकवावं लागतं. आधी डिफ्युजन, म्हणजे ताजा झटका दाखवणारा छोटा स्कॅन, घ्यायचं, दोनेक मिनिटांत पांढरा डाग दिसतो, तो दिसला की उरलेला स्कॅन चालू ठेवूनच डॉक्टरांना फोन लावायचा. नेहमीच्या क्रमानं सगळे सिक्वेन्स (स्कॅनचे टप्पे) संपवून मग रिपोर्टच्या रांगेत टाकणारा पोरगा नियमानं बरोबर असतो आणि तेवढ्यात पेशंटचा मेंदू मरत असतो.

हे सारं सहा महिन्यांत, दिवसाला दोन तासांत बसत नाही. हिशेब करा : महिन्याला पंचवीस दिवस धरले तरी एकूण ३०० तास. केंद्राचा २०२१ चा सहायक व आरोग्यसेवा व्यवसायांबाबतचा कायदा पदविका किंवा पदवीसाठी किमान २००० तास, तेही दोन ते चार वर्षांत विभागलेले, असं सांगतो. रेडिओलॉजी आणि इमेजिंगचं तंत्र त्यात येतं, आणि नोंदणीचं काम राज्य परिषदांकडं आहे. कायदा चांगला आहे. पण २००० तासांतले किती तास मॅग्नेटपाशी, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, हे अभ्यासक्रमात लिहून आलं पाहिजे. नाहीतर उद्या संस्था १९०० तास एक्स-रे आणि शरीररचनेवर काढतील आणि एमआरआय पुन्हा पंधरा दिवसांचाच राहील. परिषदेच्या सदस्यांपर्यंत हे पत्र पोचलं तर त्यांनी एवढं एक कलम पाहावं.

मी डिग्रीचा फार भक्त आहे अशातला भाग नाही. मी स्वतः एक्स-रेच्या डिप्लोमावर आलो आणि एमआरआय एका ज्येष्ठ तंत्रज्ञाच्या शिव्या खात शिकलो. वर्षभर त्यांनी मला कन्सोलला, म्हणजे मशीन चालवायच्या कॉम्प्युटरला, हात लावू दिला नाही. दारात उभं केलं. तेव्हा राग यायचा. सेंटरचे मालकही सगळे वाईट नसतात. पण मशीनचा हप्ता रोज चालू असतो, दिवसाला जितके पेशंट जातील तितके हवे असतात, आणि ‘थांबा, याला आत घेता येणार नाही’ म्हणणारा माणूस त्यांना महाग वाटतो. सहा महिन्यांवाला पोरगा दहा-बारा हजारांत येतो आणि थांबा म्हणत नाही.

त्या गृहस्थांना मी चार प्रश्न लिहून दिले. मॅग्नेट कुठं आहे, स्वतःचा की कुणाच्या सेंटरचा? मुलगी तिथं किती तास उभी राहील? शिकवणारा माणूस रोज एमआरआयवर काम करतो का? प्रमाणपत्र कुठल्या विद्यापीठाचं किंवा परिषदेचं? तिसऱ्या दिवशी ते परत आले. संस्थेनं सांगितलं होतं, मॅग्नेट ‘लवकरच येणार आहे’. फी परत मिळेल का, याची आता खटपट चालू आहे.

संपादक महाशय, जाहिरात छापण्याला माझी हरकत नाही. वर्तमानपत्र जाहिरातीवर चालतं, हे मलाही कळतं. पण घर विकणाऱ्याच्या जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांक असतोच ना? तसा या चौकोनात प्रमाणपत्र देणाऱ्या विद्यापीठाचा किंवा परिषदेचा उल्लेख, आणि एमआरआय कुठल्या सेंटरमध्ये शिकवणार त्याचा पत्ता, एवढं आपल्या जाहिरात विभागानं मागून घ्यावं. पत्ता असेल तर पालक जाऊन दार तरी बघतील.

कळावे.

आपला,
एक एमआरआय तंत्रज्ञ, मिरज
(नोकरीत असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)