जुन्या बेस गिटारीला पेचकस लावा, राउटर नको

महोदय,

नवरात्र आणि दिवाळीचे कार्यक्रम आटोपले की ऑर्केस्ट्रातली वाद्यं दुरुस्तीला जातात. त्यांच्यासोबत कधीकधी गोवा, वसई, वांद्रे इथल्या जुन्या वादकांच्या घरातली साठ-सत्तरच्या दशकातली एखादी बेस गिटारही पुढच्या पिढीच्या हातात येते. पाठोपाठ यादी तयार होते: नवे पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबकी भाग), बॅटरीवर चालणारा प्रीअँप (अँपआधी आवाज वाढवणारं छोटं सर्किट), नवा रंग. त्या गिटारीवर राउटर (लाकूड कोरणारं यंत्र) चालण्याआधी काही गोष्टी वादकांपर्यंत पोहोचाव्यात, म्हणून हे पत्र.

हाती घेतलेलं काम पेचकस आणि सोल्डरिंग आयर्न एवढ्यावर पुन्हा पूर्ववत करता येईल का, हे आधी पाहावं. पूर्ववत करता येत असेल तर खुशाल करा. बॅटरीसाठी मागून खाच पाडणं, मोठा पिकअप बसवायला पोकळी रुंदावणं, रंग खरवडणं, नेकवरचे, म्हणजे गिटारीच्या मानेवरचे, फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) उपटणं, ही कामं मात्र कायमची असतात. फेंडर या अमेरिकी कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ चा, दोन तुकड्यांचा पिकअप त्याला १९५७ मध्ये आला, जॅझ बेस १९६० चा. १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या ताब्यात गेली. त्याआधीचं वाद्य पुन्हा रंगवलं, तर संग्राहकांच्या बाजारात त्याचं मोल साधारण निम्म्यावर येतं.

वाद्य किती जुनं आहे हे अंदाजानं ठरवू नये. नेक सहसा चार स्क्रूंवर असतो. तारा सैल करून तो काढला तर टाचेवर (बॉडीत बसणाऱ्या टोकावर) बहुधा तारखेचा शिक्का किंवा पेन्सिलीची नोंद सापडते. व्हॉल्यूमच्या पॉटच्या (बटणाखालच्या फिरत्या रोधकाच्या) पाठीवर आकडे असतात, त्यातले पहिले तीन बनवणाऱ्या कंपनीचे. १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. १३७६६३२ असं दिसलं तर ते सीटीएसनं १९६६ च्या ३२ व्या आठवड्यात बनवलेलं पॉट. गिटार त्यानंतरची, आधीची नव्हे. पॉट खरखरतंय म्हणून ते उपटून फेकलं की हा पुरावाही गेला. खरखर बहुतेक वेळा धुळीची आणि गंजाची असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारून दांडा पंधरा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा, काम भागतं.

'आवाज बसलाय, पिकअप बदला' ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि तिचं मूळ बहुधा सेटिंगमध्ये असतं. नव्या तारा लावा. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतली फट मोजा, ०.३ ते ०.३५ मिलिमीटर पुरे. सतराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २.४ आणि बारीक तारेची २ मिलिमीटर ठेवून सुरुवात करावी. प्रिसिजनचा पिकअप शेवटचा फ्रेट दाबल्यावर जाड तारेपासून २.८ आणि बारीक तारेपासून २ मिलिमीटरवर असावा. तो फार वर घेतला तर चुंबक तार ओढतं आणि सूर लहरतो. पावसाळ्यात किनारपट्टीवर नेक हलतो, तेव्हा ट्रस रॉडचा (नेकचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या सळीचा) नट एका वेळी पाव फेरा फिरवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावं. जुन्या फेंडरमध्ये हा नट टाचेकडे असतो, म्हणजे प्रत्येक वेळी नेक काढावा लागतो. तो त्रास वाचवायला बॉडीत खाच पाडणारे कारागीर आहेत. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. सॅडल (बॉडीवरच्या ब्रिजमधले तारांचे टेकू) पूर्ण खाली बसूनही तारा उंच राहत असतील तर नेकच्या खाचेत लाकडी व्हिनियरची पातळ, उतरती पट्टी घालावी. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर लाकडाच्या गोंदात बुडवलेल्या टूथपिकच्या काड्या घालून वाळू द्याव्यात. जाड स्क्रू ठोकू नये.

घरघरीचंही तसंच. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असतील तर ते एकमेकांची घरघर मारतात. एक कमी केला की ती परतते. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. आणि मांडवात जनरेटर, डिमर आणि अर्थिंग नसलेला विजेचा बोर्ड असेल तर कुठलाही पिकअप शांत राहणार नाही. आधी अर्थिंग तपासा. तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे इथे प्रश्न आवाजाइतकाच जिवाचाही आहे.

बदलाच्या बाजूनं मोठी नावं सांगितली जातात. अमेरिकी बेसवादक जाको पास्टोरियसचा फ्रेट नसलेला १९६२ चा जॅझ बेस, फिंगरबोर्डावर (नेकवरच्या तारा दाबायच्या पट्टीवर) बोटींना देतात तसा इपॉक्सीचा लेप. दुसरा बेसवादक मार्कस मिलर, त्याच्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये गिटार-कारागीर रॉजर सॅडोव्स्कीनं बसवलेला प्रीअँप. दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण ती वाद्यं त्या वेळी दुर्मीळ नव्हती. जाकोचा बेस हे तेव्हा एक साधं वापरलेलं वाद्य होतं, मिलरचा तर जवळजवळ नवाच. आज त्याच न्यायानं कापायचं असेल तर आजचा स्क्वायर किंवा आयबानेझ कंपनीचा बेस कापा. शिकाऊ हातासाठी तीच योग्य जागा. दुसऱ्या टोकाला बेसवादक जेम्स जेमरसन: १९६२ चा प्रिसिजन, फ्लॅटवाउंड (सपाट वेढ्यांच्या, गुळगुळीत) तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि त्यावर मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीची असंख्य गाणी.

फ्रेटलेस हवाच असेल तर दुसरा नेक विकत घ्या. चार स्क्रू काढायचे, मूळ नेक कापडात गुंडाळून कपाटात सपाट ठेवायचा. स्वतः फ्रेट उपटले तर शिसवाच्या कपच्या निघतात. सुमारे ०.६ मिलिमीटरच्या खाचा व्हिनियरनं भराव्या लागतात, नेकच्या वरच्या टोकाचा तारांचा नट (खाचेदार पट्टी) खाली घ्यावा लागतो, आणि लेप न दिलेल्या फिंगरबोर्डावर राउंडवाउंड (गोल वेढ्यांच्या, खरबरीत) तारा काही महिन्यांत चरे पाडतात.

प्रीअँप बसवताना दोन चुका हमखास होतात. स्टिरिओ जॅक लागतो आणि बॅटरीची काळी तार त्याच्या रिंगच्या (मधल्या जोडाच्या) पायावर जोडावी लागते. ती थेट अर्थला गेली तर केबल काढल्यावरही ९ व्होल्टची बॅटरी उतरत राहते. दुसरी चूक, ईएमजीसारख्या ॲक्टिव्ह पिकअपना जुनीच २५० किलोओहमची पॉट ठेवणं. त्यांना २५ ची लागतात, नाहीतर व्हॉल्यूम स्विचसारखा एकदम वर-खाली होतो. बॅटरीला बॉडीत जागा नसेल तर प्रीअँपचा बाहेरचा पेडल मिळतो. लाकूड शाबूत राहतं.

वाद्यदुरुस्तीच्या दुकानदारांना एक विनंती. काढलेला प्रत्येक भाग, गंजलेला ब्रिज, ०.०४७ मायक्रोफॅरडचा जुना कपॅसिटर, मोडकी खुंटी, सगळं पिशवीत घालून मालकाला परत द्या. कोणती तार कुठे होती याचा सोल्डर सोडवण्याआधीचा फोटो आणि कामाची तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याच पिशवीत टाका. भंगारात गेलेला मूळ पिकअप नंतर शोधून सापडत नाही.

– बेस गिटारच्या दुरुस्तीत रस असलेला एक वाचक, वसई