परिया कॅनियनला निघण्याआधी

टेम्पे, ॲरिझोना
20 सप्टेंबर

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा हवापाण्याचं विचारतात, म्हणून सगळं लिहूनच कळवते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं परिया कॅनियन या नदीच्या दरीत पायी भटकंतीला जातोय. परवाना हातात आहे, रजा मंजूर आहे. यंदा दिवाळीला येणं होत नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं असणार. पण मुक्कामाला दिवसाला फक्त 20 माणसं आत सोडतात. ही तारीख गेली की पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. बाबांच्या सत्तरीच्या शांतीला जानेवारीत पूर्ण तीन आठवडे घरी आहे, तिकीट काढलंय.

यूटामधल्या व्हाइट हाउस नावाच्या जागेपासून ॲरिझोनातल्या लीज फेरीपर्यंत, नदीच्या पात्रातूनच 38 मैल, म्हणजे 61 किलोमीटर. पाच दिवस, चार रात्री. बाबा, तुमची सांदण दरी डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे भिंती वालुकाश्माच्या आणि अरुंद भाग काही मैल लांब.

तुम्ही नेटवर 1997ची अँटलोप कॅनियनची बातमी शोधून काढालच, म्हणून मीच सांगते. ऑगस्टमध्ये लांब कुठेतरी पाऊस पडला आणि अरुंद दरीत लोंढा आला, 11 जण गेले. इथली भीती हीच: डोक्यावर ऊन आणि पाणी मागून. परियाचा उगम ब्राइस कॅनियनच्या बाजूला आहे, तेव्हा अंदाज तिकडचाही बघायचा. ही वादळं जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जास्त, म्हणून ऑक्टोबर निवडला. आणि वरून खाली जायचं ते यासाठी, की सगळ्यात अरुंद टप्पा सुरुवातीलाच पार होतो, सकाळी रेंजरच्या ऑफिसात पाहिलेला अंदाज ताजा असताना. पावसाचं नाव जरी निघालं तरी गाडी वळवून पेज गावात राहायचं. चौघांपैकी एकानं नको म्हटलं तरी सगळे परत, यावर वाद नाही. अरुंद भागात मुक्काम करायचा नाही. तंबू लावायचे ते पुराच्या खुणेच्या वर, उंच वाळूच्या पायरीवर. भिंतींत अडकलेले ओंडके ती खूण दाखवतात.

पाणी माणशी दिवसाला 4 लिटर. वरच्या अंगाला शेती आहे, म्हणून नदीचं पाणी प्यायचं नाही. भरवशाचा पहिला मोठा झरा 12व्या मैलाच्या आसपास, आणि शेवटच्या झऱ्यापासून साधारण 13 मैल कोरडे. त्या दोन्ही टप्प्यांसाठी माणशी 6 लिटरच्या पिशव्या. झऱ्याचं पाणीही फिल्टर करूनच. अगदीच नदीवर वेळ आली तर आई, तुझी तुरटी: चिमूटभर घालून ढवळायचं, गाळ खाली बसला की वरचं निवळ अलगद ओतून घ्यायचं आणि मग फिल्टर. नाहीतर गाळानं फिल्टर तासाभरात बसतो. नुसतं पाणी पीत राहिलं तर अंगातलं मीठ कमी होतं, म्हणून इलेक्ट्रॉलची पाकिटंही घेतली आहेत.

पाय दिवसभर ओले राहणार. जाळीचे बूट, म्हणजे पाणी निघून जातं. वॉटरप्रूफ बुटात शिरलेलं पाणी आतच राहतं आणि फोड येतात. दर दोन तासांनी मोजे काढून वाळू झटकायची. पाय रुतवणारी वाळू असते, पण ती माणूस गिळत नाही. घाईनं पाय ओढला तर गुडघा मुरगळतो. मागे रेलून हळूहळू हलवत सोडवायचा.

आता आईसाठी. रात्री 4–5 अंशांपर्यंत उतरेल. उणे 7 पर्यंतची स्लीपिंग बॅग आहे, खाली जाड मॅट आहे, रात्रीचे लोकरीचे कपडे वेगळ्या वॉटरप्रूफ पिशवीत, मी कितीही भिजले तरी ते कोरडेच. शेकोटीला बंदी आहे, गॅसची छोटी शेगडी आहे. मेतकूट-भात, तुझ्या पद्धतीचं भाजलेल्या रव्याचं उपीट, दाण्याची चिक्की आणि सकाळचा आल्याचा चहा. उपाशी झोपणार नाही गं. लहानपणी ताप आला की तू पायांना तेल चोळायचीस, तसंच रोज रात्री चोळून झोपेन.

सॅटेलाइटच्या यंत्रावरून रोज संध्याकाळी सातला मेसेज पाठवीन, म्हणजे तुमचे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात. मात्र नीट वाचा: उंच भिंतींमध्ये आभाळ कमी दिसतं, तिथून मेसेज तासन् तास अडकतो. एक दिवस नाही आला तर काही झालं असं धरायचं नाही. परतायची वेळ टळून 24 तास झाले तरच, आणि तेव्हाही तुम्ही नाही, इथली मैत्रीण शेरीफला फोन करेल. तिचा नंबर दादाकडे आहे. मावशीला मात्र आधी सांगू नका, ती सगळ्यांना कामाला लावेल.

बाबा, रात्रीची बीपीची गोळी फोनच्या नादात चुकवायची नाही. गुडघ्याचा पट्टा फिरायला जाताना हवाच, घरात नाही. आई, डोळ्यांत थेंब टाकल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, लगेच ओट्याशी नाही जायचं. आणि बाबांची शुगर मी निघण्याआधी तपासून घ्या, रिपोर्टचा फोटो पाठवा. 8 तारखेपर्यंत आला नाही तर मी रोज फोन करणार आहे.

तुमची,
मनू