कागद चोख असले की भीती कशाची?

क्रॉयडन, लंडन

तीर्थरूप अप्पा आणि आई यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

रोहनच्या इथल्या कॉलेजातल्या अॅडमिशनचं ऐकून फार बरं वाटलं. दादाने लोनचं मार्गी लावलं म्हणजे वहिनीने बॅगाही भरायला घेतल्या असतील. रविवारी फोनवर तुम्ही मध्येच विचारलंत, "तिकडं ते बाहेरून आलेल्यांच्या धरपकडीचं काय चाललंय? पण आपले कागद चोख असले की भीती कशाची?" मला ड्यूटीला निघायचं होतं, बोलणं तिथेच राहिलं. शिवाय ज्याची उभी नोकरी कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली त्याला या प्रश्नाचं उत्तर घाईघाईत देण्यात अर्थही नव्हता. म्हणून आज सुट्टी बघून लिहायला बसलेय.

आमचं म्हणाल तर ठीक आहे. व्हिसा आहे, हॉस्पिटलची नोकरी आहे, टॅक्स कापून जातो. आता व्हिसाचं कार्डही हातात नसतं, सगळं ऑनलाइन. घर भाड्याने घेताना, नोकरी बदलताना सरकारी वेबसाइटवरून एक कोड काढून द्यायचा, समोरचा माणूस त्यावरून आपली माहिती बघतो. सर्व्हर बसला की आपण कोण हे सांगायला आपल्याजवळ काही नाही. पण ते सोडा.

आमच्या खालच्या मजल्यावर एक जमैकन आजी राहतात. १९६१ साली, जमैका अजून इंग्रजांचीच वसाहत असताना, आठ वर्षांच्या असताना त्या आईच्या पासपोर्टवर इथे आल्या. इथेच शाळा, इथेच लग्न, पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी. स्वतःचा पासपोर्ट कधी काढला नाही, कारण परदेशी जायची ऐपत नव्हती आणि आपण इथल्याच आहोत याबद्दल शंकाही नव्हती. २०१६ मध्ये शाळेचं कँटीन नव्या कंत्राटदाराकडे गेलं. त्याने सगळ्यांचे कागद मागितले. आजींकडे दाखवण्यासारखं काही नाही म्हटल्यावर त्यांना घरी बसवलं. गोऱ्या सहकारणीकडेही पासपोर्ट नव्हता, पण "तुझं काय गं, तू इथलीच" म्हणून तिचं भागलं. हे आजी अजूनही सांगतात, आणि सांगताना हसतात, ते मला ऐकवत नाही.

त्यांनी एकदा मला ती पिशवी दाखवली. सुपरमार्केटची जाड प्लास्टिकची पिशवी. शाळेच्या हजेरीपटाची नक्कल, लसीचं कार्ड, पगाराच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या, चर्चमधला एक फोटो आणि त्याच्या मागे पेन्सिलने तारीख. होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, अशा लोकांकडून राहिल्याच्या प्रत्येक वर्षाचे चार-चार पुरावे मागत होतं. पन्नास वर्षांचे किती होतात तुम्हीच हिशोब करा. टॅक्स तर सरकारनेच दरमहा कापला होता, त्याची नोंद सरकारच्याच दप्तरी होती. पण एका खात्याने दुसऱ्या खात्याला विचारायचं नाही, विचारायचं ते म्हाताऱ्या बाईला.

आणि आता तुमच्या कामाची गोष्ट. १९४८ च्या जूनमध्ये 'एम्पायर विंडरश' नावाचं जहाज टिलबरी बंदराला लागलं. त्यातून कॅरिबियन बेटांवरचे शेकडो लोक उतरले. त्याच वर्षीच्या कायद्याने वसाहतीतले सगळे ब्रिटनचे नागरिक ठरले. युद्धानंतर इथे माणसं हवी होती, रेल्वेला, बसला, हॉस्पिटलला. त्या जहाजावरूनच त्या पिढीला विंडरश पिढी म्हणतात. पुढे कायदे आवळत गेले, १९६२, १९६८, १९७१. पण १ जानेवारी १९७३ च्या आधी येऊन स्थायिक झालेल्यांना राहण्याचा हक्क होता. फक्त तो सिद्ध करणारा कागद सरकारने त्यांना कधी दिलाच नाही. ते कधी आले याचा एक पुरावा म्हणजे बंदरावर भरून घेतलेली कार्डं. ती इथे आमच्या क्रॉयडनमध्येच होम ऑफिसच्या एका इमारतीच्या तळघरात पडून होती. २०१० मध्ये इमारत रिकामी करताना ती नष्ट केली. तुमच्याकडे अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते ना, 'अ' कायमचं जपायचं आणि 'ड' वर्षभराने फाडायचं? इथल्या साहेबाने ही कार्डं 'ड' मध्ये टाकली म्हणायची. तुमच्या हाताखालच्या कारकुनाने असं केलं असतं तर तुम्ही त्याला मेमो दिला असता.

कार्डं गेली आणि दोनच वर्षांत, २०१२ मध्ये, तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी जाहीर केलं की बेकायदा राहणाऱ्यांना इथे राहणंच नकोसं होईल असं वातावरण करायचं. २०१४ आणि २०१६ च्या कायद्यांनी घरमालक, नोकरी देणारा, बँक, हॉस्पिटल, सगळ्यांनाच जणू सीमेवरचे शिपाई केलं. चुकीच्या माणसाला घर दिलं तर घरमालकाला दंड. आता तो दंड वाढत वाढत एका भाडेकरूमागे २० हजार पौंडांपर्यंत गेलाय. मग घरमालक काय करेल? अनोळखी नाव, काळा चेहरा, वेगळा उच्चार दिसला की म्हणेल, नकोच ती कटकट. आम्हालाही हे घर मिळण्याआधी एका एजंटाने फोनवर "हो हो, या बघायला" म्हटलं आणि दारात आम्हाला पाहिल्यावर घर 'नुकतंच गेलं'. आठवड्याने त्याच घराची जाहिरात परत वेबसाइटवर. २०१९ मध्ये इथल्या हायकोर्टाने स्पष्ट म्हटलं की या तपासणीमुळे घरमालक वंशावरून भेदभाव करतात. पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने भेदभाव होतो हे मानलं, पण कायदा राहू दिला. असा न्याय!

हॉस्पिटलचं मी जवळून बघते. एका कॅन्सरच्या रोग्याचं प्रकरण २०१८ मध्ये पेपरांत गाजलं. ४४ वर्षं इथे राहिलेला माणूस, त्याला रेडिएशनसाठी आधी ५४ हजार पौंड भरा म्हणून सांगितलं. आमच्या वॉर्डात कागद तपासणारे वेगळे असतात, आम्ही नर्सेस त्यात नसतो. पण कुणाकडे आधी विचारणा होणार हे केसपेपरवरचं नाव वाचून आम्हाला आधीच कळतं.

२०१८ च्या एप्रिलमध्ये हे सगळं बाहेर आलं. गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. निदान ८३ जण चुकीने देशाबाहेर घालवले गेल्याचं सरकारनेच कबूल केलं. चौकशी वेंडी विल्यम्स यांनी केली, अहवाल २०२० मध्ये आला, ३० शिफारशी. नुकसानभरपाईची योजना सुरू झाली, पण पन्नासाहून जास्त लोक पैसे हातात पडायच्या आधीच वारले. आजींना मिळाले. किती ते मी विचारलं नाही.

मग २०२३ मध्ये त्यांतल्या तीन शिफारशी रद्द कुणी केल्या? तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी. वडील मूळचे आपल्या गोव्याचे, केनियातून आलेले. त्यांच्या आधीच्या प्रीती पटेल, घराणं गुजराती, युगांडातून आलेलं. केनियातल्या भारतीयांना अडवण्यासाठी १९६८ मध्ये इथल्या संसदेने अवघ्या तीन दिवसांत कायदा केला होता. म्हणजे ज्यांच्या आईबापांच्या तोंडावर दार आपटायला निघाले होते त्यांच्याच पोरी दाराची कडी सांभाळत बसल्या. इथल्या आपल्या मंडळींना मात्र त्यांचं केवढं कौतुक! गणपतीला जमलो की "आम्ही रीतसर आलो, हे लोक नुसते घुसतात" हे एकदा तरी होतंच. आणि 'हे लोक' म्हणताना नजर बोटीतून येणाऱ्यांवरच नसते, शेजारच्या काळ्या माणसावरही असते. त्याचे आजोबा आपण येण्याच्या पन्नास वर्षं आधी इथे बस चालवत होते हे कुणाच्या गावी नसतं.

रस्त्यावरच्या झडतीचं वेगळंच. इंग्लंड-वेल्समध्ये काळ्या माणसाला पोलिसांनी थांबवण्याचं प्रमाण गोऱ्याच्या जवळपास चौपट आहे. एरवी थांबवायला काहीतरी सबळ संशय लागतो, पण १९९४ च्या कायद्यात कलम ६० आहे. ते एखाद्या भागात लावलं की संशयही लागत नाही. १९९३ मध्ये स्टीफन लॉरेन्स हा १८ वर्षांचा मुलगा बसस्टॉपवर गोऱ्या पोरांनी भोसकला, तर सोबतच्या मित्राकडेच पोलीस संशयाने बघत राहिले. १९९९ च्या मॅक्फर्सन अहवालाने लंडनच्या पोलीस खात्यात वंशद्वेष मुरलेला आहे असं म्हटलं. २०२३ च्या केसी अहवालाने पुन्हा तेच म्हटलं.

अप्पा, तुम्हाला हे नवं वाटणार नाही. इथे १८२४ चा भटक्यांविरुद्धचा कायदा होता. नुसत्या संशयावरून माणूस उचलायचा. १९७०-८० मध्ये तोच काळ्या पोरांवर चालवला. १९८१ च्या एप्रिलमध्ये ब्रिक्स्टनला साध्या वेशातल्या पोलिसांनी आठवड्याभरात हजाराच्या आसपास लोक थांबवले, मग दंगल पेटली, मग कुठे ते कलम गेलं. याच साहेबाने १८७१ मध्ये आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पुढे सोलापूरला त्या जमातींना डांबून ठेवणारी सेटलमेंट उभी राहिली. १९५२ ला कायदा गेला. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जायची, हे तुम्हीच जेवताना सांगायचात. त्यांतल्या किती जणांकडे चोख कागद होते? आणि असते तरी गाडी दुसरीकडे वळली असती का?

२०१३ मध्ये इथे सरकारने लंडनच्या सहा भागांत फलक लावलेल्या गाड्या फिरवल्या: 'गो होम', नाहीतर अटक. ब्रेंट, ईलिंग, हाउन्स्लो, सगळे आपल्याच लोकांचे भाग. त्याच उन्हाळ्यात ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर अधिकारी उभे राहून लोकांची चौकशी करत होते. बघणाऱ्यांनी सांगितलं, गोऱ्यांना सोडून.

सगळंच वाईट नाही हेही लिहायला हवं, नाहीतर आई रात्रभर झोपायची नाही. २०२१ च्या १३ मे रोजी, ऐन ईदच्या दिवशी, ग्लासगोच्या केनम्युअर स्ट्रीटवरून दोन भारतीय माणसांना इमिग्रेशनच्या गाडीत घातलं. शेजारी रस्त्यावर उतरले. एक जण तर गाडीखाली जाऊन झोपला. बघता बघता शेकडो लोक जमले, गोरे, पाकिस्तानी, सगळे, आणि घोषणा एकच: हे आमचे शेजारी आहेत, त्यांना सोडा. आठ तासांनी पोलिसांनी दोघांना सोडलं. मी तो व्हिडिओ आजींना दाखवला. त्या म्हणाल्या, माझ्या वेळेला असे शेजारी कुठे होते?

आता रोहनचं. पाठवा त्याला, मी आहे. पण तो सावळा आहे, उंच आहे, दाढी ठेवतो, हूडी घालून फिरतो. आत्याबाई त्याला लाडाने 'काळ्या' म्हणतात ते एक वेळ घरात चालेल, पण इथे त्याच रंगावरून त्याला कुणी थांबवू शकेल हे त्याला आधीच ठाऊक हवं. त्याला नीट समजावा: पोलिसाने झडतीसाठी थांबवलं तर पळायचं नाही, वाद घालायचा नाही. पोलिसाचं नाव, ठाणं, कोणत्या कायद्याखाली आणि काय शोधताय हे विचारायचं, नोंदीची प्रत मागायची. तो त्याचा हक्क आहे. इथे ओळखपत्र खिशात बाळगायची सक्ती नाही. इमिग्रेशनवाल्याने रस्त्यात उगाच प्रश्न विचारले तर अटक केलेली नसताना उत्तर न देता पुढे जाता येतं. आणि कॉलेज चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम करायचं नाही, मित्र काहीही सांगोत. आपल्याकडची कितीतरी पोरं तिथेच अडकतात.

आईचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करते का खरं सांगा.

तुमची,
सुनीता

ता. क. : रोहनच्या बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे आणि पासपोर्टवर शेवटी. शिवाय मधल्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त आहे. आताच दुरुस्त करून घ्या, व्हिसाचा अर्ज भरायच्या आधी.